दुपारी दोनचं पटांगण

पटांगणाच्या मधोमध एक माणूस पालथा पडला होता.

मे महिन्याचा पहिला आठवडा, दुपारचे दोन. मी ऑफिसच्या ओसरीत बसून रोपांची यादी करत होते. सहज मान वर केली, तर समोर पांढऱ्या मुरमावर तो. अंगात बंडी, धोतर गुडघ्यापर्यंत, दोन्ही हात पसरलेले आणि डावा गाल जमिनीला टेकलेला. ऊन लागून कोसळला असणार, असं समजून मी पाण्याचा तांब्या उचलला आणि धावले. दहा पावलांत चटका चपलेच्या तळव्यातून वर आला. जवळ पोचले, तर त्याचा एक डोळा टक्क उघडा होता.

"सावली पाडू नका, बाई," तो म्हणाला. "अंदाज चुकते."

मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. तो कोपरांवर जोर देऊन उठला, चार हात पुढे गेला आणि पुन्हा तसाच गाल टेकवून पडला. मग पुन्हा उठला. खांद्याच्या झोळीत बोटं झडलेला हात घालून त्यानं राख काढली, जमिनीवर रेघ ओढली आणि माझ्याकडे न बघता तो भिंतीच्या कडेनं निघून गेला.

"गोमाजी आहे तो. रोजचं आहे त्याचं," दवाखान्याच्या ड्रेसिंगरूमच्या दारातून आमच्या नर्स मनोरमाताई म्हणाल्या. "तुम्ही आत या आधी. नाहीतर तुम्हालाच उचलून आणावं लागेल."

याला आता सदतीस वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, प्रमिला वैरागडे, अकोल्याहून उद्यानविद्या शिकून बाहेर पडलेली. चंद्रपूरकडच्या त्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मी सहा महिन्यांपूर्वी आले होते. वसाहतीचे प्रमुख डॉक्टर धारस्कर. त्यांनी मला पत्रात लिहिलं होतं, 'आमच्या पटांगणाला हिरवं पांघरूण हवं आहे. फुलांची हौस नाही.'

पटांगण एक एकराचं. एका बाजूला राहण्याच्या खोल्या, समोर जेवणघर, डावीकडे विणकामाची शेड, उजवीकडे दवाखाना. कुठूनही कुठे जायचं तर ते ओलांडायचं. आणि तिथली माणसं, रोग बरा झालेली असली तरी, तळव्यांना काही कळत नसलेली. मे महिन्यातल्या मुरमावरून ती चालत जात आणि संध्याकाळी मनोरमाताईंकडे येऊन तळपाय दाखवत. तोवर फोड फुटलेला असे.

"चपला आहेत ना सगळ्यांना?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण पायातून चप्पल निसटली हे ज्याच्या पायाला कळत नाही, त्यानं चपलेवर किती भरवसा ठेवायचा? गेल्या मे महिन्यात अनसूया जेवणघरात पोचली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. फोड आला, तो चिघळला, हाडापर्यंत गेला. ऑगस्टमध्ये पाय घोट्यातून काढावा लागला. झाडं लावली आहेत आम्ही, पण त्यांची सावली पडायला दहा वर्षं लागतील. तेवढी वाट बघायची नाही मला."

मी मान डोलावली आणि नोव्हेंबरात लॉन लावलं. जानेवारीत ते असं पसरलं की जाणारा-येणारा थांबून बघे. मार्चमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं. एप्रिलमध्ये माझं लॉन पिंजारलेल्या काथ्यासारखं झालं आणि मग वाऱ्यानं उडून गेलं. कडेला मी आणखी पाच वाफे प्रयोगाला म्हणून लावले होते, तेवढे कमी-जास्त तग धरून होते. त्यांतलं कुठलं निवडायचं ते जूनच्या आत ठरवायचं होतं. कारण एका दात्यानं पटांगणाला काळी फरशी देऊ केली होती.

"फरशी मुरमापेक्षा जास्त तापेल," मी डॉक्टरांना म्हटलं.

"ते मलाही कळतं. पण त्यांना नाही म्हणायला माझ्याकडे काहीतरी हिरवं असायला हवं. पावसापर्यंत दाखवा मला."

त्या राखेच्या रेघेनंतर दोन दिवसांनी, सकाळीच, गोमाजी माझ्या वाफ्यांपाशी येऊन उभा राहिला. साठीचा असेल. गोंडाचं घर त्याचं, तिकडे माणिकगडच्या बाजूला. चप्पल घोट्याला चिंधीनं बांधलेली. डाव्या गालाची कातडी तव्याच्या बुडासारखी काळवंडलेली.

"हे काय लावलं, बाई?"

"वेडेलिया. पाणी कमी लागतं, ऊन सोसतं, पिवळी फुलं येतात."

"घोट्याएवढं वाढलं. आपला पाय कुठी पडला ते दिसते का याच्यात?"

"दिसायला कशाला हवं?"

गोमाजीनं माझ्याकडे असं पाहिलं, की तो प्रश्न विचारला नसता तर बरं, असं मला वाटलं. "तुमी आंधारात चालता तं पाय तुमाले सांगते, आता दगड आला म्हनून. आमचा पाय नाई सांगत. आमी डोळ्यानं चालतो, बाई. पाय दिसलाच पाह्यजे. अन् याच्यात इच्चू बसला तं?"

पुढचा वाफा ऑफिस टाइमचा. दहा वाजता उमलणारी गुलाबी-केशरी फुलं, माझा लाडका वाफा. त्यानं चपलेनं हलकेच एक फांदी दाबली. तिचा रस होऊन चप्पल सरकली.

"घसरते," तो म्हणाला. "चंद्रभागा म्हातारी पडन याच्यावर."

हरळीपाशी तो जरा थांबला. "हे गुनाचं हाय. पन पान्याबिगर झोपून जाते. उन्हाळ्यात जमीन उघडी पडते." उरलेल्या दोन वाफ्यांकडे त्यानं पाहिलंही नाही. एकात मीच न ओळखलेला गोखरू उगवला होता. तो त्यानं वाकून मुळासकट उपटला आणि काटे खाली गळू नयेत असा जपून झोळीत टाकला.

मला राग आला होता. चार वर्षं शिकून मी केलेली यादी त्या माणसानं पाच मिनिटांत पुसून टाकली होती. "मग तुम्हीच सांगा, बाबा. काय लावू?"

"तलावाकडं चला. एक गवतावानी हाय तिथं. नाव मले नाई ठाऊक."

"चला, आत्ता जाऊ."

"आता नाई. दोन वाजता." तो चालायला लागला. "सकाळच्या पारी सारंच गवत गुनाचं दिसते."

दुपारी आम्ही निघालो. डोक्याला ओला पंचा बांधून मी त्याच्या मागं. मैलभर रस्ता, एकही पाखरू नाही. तलाव आटलेला होता. मधल्या चिखलाच्या तडकून ढेपा झालेल्या, प्रत्येक भेगेत माझी मूठ गेली असती. तलावाच्या पाळीवर झुडपं जळून काड्या झाली होती. गोमाजी पाळ उतरला आणि उघड्या, उतरत्या काठावर उभा राहिला.

त्याच्या पायांपासून पुढे, पन्नास-साठ पावलं, हिरवं होतं.

आधी मला वाटलं, उन्हानं डोळ्यांसमोर काहीतरी येतंय. मी खाली बसले. नखाएवढी जाडसर पानं जमिनीला घट्ट बिलगून होती, बोटभरसुद्धा उंच नव्हती. वेल दर पेराला मूळ सोडून पुढे सरकलेली. मधूनमधून काडीच्या गुलाएवढी पांढरट-जांभळी फुलं. म्हशींच्या खुरांचे ठसे त्यावरून गेलेले आणि त्या ठशांमध्येसुद्धा पानं उभी. मार्चपासून या जमिनीला थेंब मिळाला नव्हता. जलपिंपळी. कॉलेजच्या पुस्तकात तिचं चित्र मी पाहिलं होतं, तण म्हणून.

गोमाजी आडवा झाला आणि त्यानं डावा गाल त्या पानांवर ठेवला. बराच वेळ तो तसाच राहिला. मग उठून बाजूला सरकला. "पाहा."

मी तळहात टेकवला. "गार आहे."

"हातानं नाई. गालानं पाहा."

मी थांबले. खरं सांगायचं तर, सहा महिन्यांत मी त्या वसाहतीत जेवले होते, राहिले होते, पण कुणाच्या हाताला माझा हात लागलेला नव्हता. लागू दिला नव्हता. रोग बरा झालेल्यांपासून काही होत नाही हे मला पाठ होतं, आणि तरीही. आता तो माणूस जिथं तोंड टेकवून उठला होता, तिथंच मला तोंड टेकवायचं होतं. पानांवर त्याच्या गालाचा आकार अजून उमटलेला होता.

मी पंचा सोडला आणि आडवी झाले.

वरून आकाश भाजत होतं. पाठीवर कुणी निखारे ओतावेत तसं ऊन. आणि गालाखाली माठाच्या कडेसारखा ओलसर गारवा. कानाशी मातीचा वास. डोळ्यासमोर, वितीभर अंतरावर, एक मुंगी पानाखालून बाहेर आली, उन्हात दोन पावलं गेली आणि परत पानाखाली गेली. त्या जळत्या काठावर एवढ्याशा पानांनी एक निराळा ऋतू आखला होता, जमिनीपासून बोटभर उंचीचा, आणि त्याच्याखाली एक अख्खं जग सुखानं नांदत होतं. चोवीस वर्षं मी जमीन वरून बघत आले होते. किती वेळ पडून राहिले ते आठवत नाही. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ते उन्हाचं आहे असं मी स्वतःला सांगितलं.

गोमाजी पाळीच्या दगडी पायरीवर जाऊन बसला होता. मी शेजारी टेकले आणि किंचाळून उठले. तो काळा दगड तव्यासारखा तापला होता. गोमाजी मात्र शांत बसून होता, मांडीखाली धोतराची जाड घडी आणि उजव्या हाताचा तळवा सरळ त्या दगडावर ठेवलेला.

"बाबा, हात! हात उचला!"

त्यानं हात उचलून पाहिला. तळव्याची कातडी पांढरी पडून वर आली होती. "अरे," तो म्हणाला, कुणा दुसऱ्याची वस्तू सांडल्यासारखं. "मनोरमाबाई बोलन आता."

मी सोबतच्या बाटलीतल्या पाण्यानं माझा पंचा भिजवून त्याच्या हाताला गुंडाळला. वसाहतीतल्या कुणाच्या हाताला माझा हात लागला तो पहिल्यांदाच.

"काहीच कळलं नाही तुम्हाला?"

"हात मुके हाय, पाय मुके हाय. हा उजवा गालबी मुका." मग त्यानं गुंडाळलेल्या हातानंच डाव्या गालाकडे खूण केली. "हे चार बोटांची जागा तेवढी बोलते. हितं देवानं राहू देल्लं."

तेव्हा मला उलगडलं. "म्हणून तुम्ही रोज दुपारी पटांगणात..."

"कोनती पट्टी कमी तापली ते पाहाले लागते ना. जिथं कमी तापते तिथून राख ओढतो. मानसं राखेवरून जाते. सात-आठ सालं झाली."

"पण बाबा, सगळ्या अंगात तेवढीच जागा उरलीय आणि तुम्ही तीच रोज भाजता?"

"मंग तिचं काय करू?" गोमाजी म्हणाला. "ठेवून ठेवू?"

परतताना तो मागं पडला. मी थांबले. जवळ आल्यावर तो हळूच म्हणाला, "डॉक्टरले सांगू नका. पन आगुदर चटकन लागे, आता वेळ लागते. ऊन कमी झालं का मी कमी झालो, समजत नाई."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्याच संध्याकाळी सांगितलं. जलपिंपळीची ओंजळभर वेल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि गोमाजीच्या गालाचंही सगळं बोलले. डॉक्टरांनी वेल हातात घेऊन तिचं एकेक पेर पाहिलं. मग त्यांनी गोमाजीला बोलावलं.

"पुढच्या मेपर्यंत गाल जमिनीला टेकवायचा नाही."

"मंग राख?"

"उरलेल्या उन्हाळ्यापुरती राख मी ओढीन," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आखलेल्या पट्ट्यांवर." आणि खरोखर, पाऊस येईपर्यंत, दुपारी डोक्यावर टोपी घालून ते राखेचं घमेलं घेऊन फिरले. फरशी देणाऱ्या दात्याला त्यांनी दोन ओळींचं नम्र पत्र लिहिलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तलावाच्या काठावरून वेल आणली. ज्यांची बोटं चालत होती ते तुकडे करत. ज्यांची चालत नव्हती ते कोपरानं माती दाबत. वितीवर एक तुकडा, पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या यादीतलं एकही रोप त्यात नव्हतं. श्रावणात वेली एकमेकींना भिडल्या. थंडीत त्या लालसर झाल्या आणि मला धास्ती वाटली, पण फेब्रुवारीत पुन्हा हिरव्या. फुलं आली तशा मधमाश्या आल्या. मुक्या पायाला मधमाशी चावली तरी कळणार नाही, म्हणून बायका रोज सकाळी काठीनं फुलं झोडून काढत. दर रविवारी गोमाजी सगळ्यांना रांगेत बसवून गोखरू शोधायला लावे. मार्चमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं आणि आम्ही पाणी देणं बंद केलं. त्यानंतर मी रोज उठून आधी पटांगण बघत असे, मग तोंड धूत असे.

आणि मे आला.

ज्या दिवशी रेडिओवर शेहेचाळीस अंश सांगितलं, त्या दिवशी दुपारी दोनला गोमाजी ओसरीपाशी आला. "बाई, पाहून घेऊ."

माणसं जेवून आपापल्या खोल्यांत पडली होती. पटांगणात आम्ही दोघंच. वर्षभरात त्याच्या गालावरचा काळा डाग थोडा उजळला होता. तो मधोमध गेला, कोपरांवर खाली झाला आणि त्यानं गाल टेकवला.

मी वाट पाहत राहिले. एरवी चार-पाच श्वासांत उठणारा माणूस उठेना.

"बाबा?"

तो उठून बसला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "काईच नाई लागत."

"म्हणजे थंड आहे!" मी पटकन आडवी होऊन गाल टेकवला. तोच गारवा होता. "थंड आहे, बाबा, खरंच थंड आहे."

"तुमाले थंड लागते." तो पुन्हा टेकला, पुन्हा उठला. "मले थंडबी लागत नाई, गरमबी लागत नाई. बाई, गेलं वाटते ते."

वर्षभर ज्या दिवसाची आम्ही वाट पाहिली, तो आला होता, आणि तो माणूस त्या हिरव्या जमिनीवर बसून आपल्या गालाला त्या मुक्या हातानं चाचपत होता. हाताला गाल कळत नव्हता, गालाला हात कळत नव्हता.

मग तो उठला आणि फाटकाकडे चालायला लागला. फाटकाबाहेर बैलगाडीचा रस्ता होता, उघडा, मुरमाचा.

"नाही, बाबा! त्या मुरमावर नाही!"

"पाहू द्या मले."

मी त्याचा दंड धरला. त्यानं तो सोडवून घेतला नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. मी हात काढला.

तो त्या रस्त्यावर पालथा झाला आणि गाल टेकवला. एक श्वास. दोन. तीन. मुरमावरून वाफा निघाव्यात तशी हवा हलत होती. मी डोळे मिटून घेतले.

"आई गंऽ!"

मी डोळे उघडले तर गोमाजी उडी मारून उभा होता, गाल धरून, एका पायावर नाचत. "भाजलं! भाजलं वो, बाई! हाय, हाय अजून! भाजलं मले!" तो हसत होता, रडत होता, आणि मधेच मला धरून हलवत होता. मग फाटकातून आत वळून, सगळा जीव एकवटून, खोल्यांकडे तोंड करून ओरडला, "अरे, गार हाय रे! पटांगन गार हाय! मीच पाह्यलं!"

गोमाजीसारखा माणूस ओरडतोय म्हटल्यावर काहीतरी झालं असं वाटून दारं धडाधड उघडली. खोल्यांतून, शेडमधून, जेवणघराच्या मागून माणसं निघाली. विश्रांतीची वेळ होती, बहुतेकांच्या चपला खाटेखाली राहिल्या होत्या. कुणी काठीवर, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर. कुणीही कडेकडेनं आलं नाही.

मनोरमाताई ड्रेसिंगरूमच्या दारात आल्या. सवयीनं "चपला!" म्हणून ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्द तसाच राहिला. त्या पायरीवर बसल्या आणि सगळ्यांच्या अनवाणी पायांकडे बघत राहिल्या.

चाळीसएक माणसं असतील. मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता, ती पटांगणाच्या मधून सरळ धावत येत होती.